सोल्युशनचा डबा उघडण्याआधी देवापुढचा दिवा शांत करा

कुर्डुवाडीकरांनो, दिवाळी तोंडावर आली. घरोघरी सुतार लागलेत. ओट्याखालच्या ट्रॉल्या, कपाटाची दारं, सगळ्याला नवा सनमायका पाहिजे आणि तोही धनत्रयोदशीच्या आत. माझ्या हार्डवेअरच्या दुकानातून सोल्युशनचे, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘एसआर’ म्हणतात त्या पिवळट गोंदाचे डबे या दिवसांत भराभर जातात. विकणारा मीच आणि सांगणाराही मीच: घरात दिवा किंवा शेगडी पेटती असताना हा डबा उघडू नका.

याला आपण गोंद म्हणतो, तिथंच गफलत होते. डब्यात साधारण चौथा हिस्सा कृत्रिम रबर आणि राळ. बाकीचं टोल्युइन, हेक्झेन असली पेट्रोलच्या जातीची द्रावणं. दोन्ही बाजूंना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. या थांबण्यालाच आपण वाळणं म्हणतो. पण वाळतं म्हणजे डब्यातला तो पाऊण हिस्सा तुमच्या खोलीच्या हवेत जातो. टोल्युइनची वाफ 4 अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडची दिवाळीची पहाट काही एवढी गार नसते. शिवाय ही वाफ हवेच्या तिप्पट जड. वर न जाता ती फरशीवरून सरकत उंबऱ्याकडे जाते, नेमकी जिथं आपण पणती ठेवतो तिथं.

दोन वर्षांपूर्वी हे मी माझ्याच घरात पाहिलं. मिस्त्री खाली बसून कपाटाच्या फळीला सोल्युशन फासत होता. थंडी नको म्हणून खिडकी मीच लावून घेतलेली. शेजारच्या खोलीत आईनं निरांजन लावायला काडी ओढली आणि दारातून जमिनीलगत जाळ सळसळत आत आला. डबा पेटला. मी शहाणपणानं बादलीभर पाणी ओतायला निघालो होतो. मिस्त्रीनंच हात धरला. पाण्यावर हे तरंगतं आणि आग आणखी पसरते. ओलं गोणपाट टाकलं तेव्हा विझलं. त्याच्या हातावरचे केस जळाले, आमच्या भिंतीवरचा काळा पट्टा अजून आहे. तेवढ्यावर भागलं, हे नशीब.

म्हणून हात जोडून सांगतो. काम सकाळी उजेडात काढा, समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. गॅस सिलिंडरपाशीच बंद करा. पोरांच्या फुलबाज्या अंगणाच्या पार टोकाला. मिस्त्रीला बिडी ओढायची तर बाहेर रस्त्यावर. वाळूची बादली जवळ असू द्या. आणि मुळात सपाट प्लायवर सनमायका बसवायला पाण्यातला पांढरा फेविकॉल आणि रात्रभराचं वजन पुरतं. घाई असते ती आपल्याला. सोल्युशन रेक्झिन, फोम, गोलाईच्या कडा यांच्यासाठी ठेवा.

रोज या वासात बसणाऱ्या चप्पलवाल्यांना आणि सुतारांना वेगळं सांगायचंय. डोकं गरगरलं की उठून बाहेर जा. हातापायाला मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टरला गोंदाचं काम सांगा. 1960 च्या दशकात जपानमध्ये घरात बसून सपाता चिकटवणाऱ्या कितीतरी कामगारांचे हातपाय असेच लुळे पडत गेले होते. कारण निघालं गोंदातलं हेक्झेन.

आपलं गाव जंक्शनचं. पंढरपूर, बार्शी, लातूरकडे कामाला जाणारे मिस्त्री पिशवीत डबा टाकून गाडीत चढतात. चढू नका. असला माल गाडीच्या डब्यात नेला तर रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गर्दीच्या डब्यात झाकण सैल निघालं तर कैदेची वेळही यायची नाही. डबा मुक्कामी पोचल्यावर तिथंच घ्या.

दुकानदार बांधवांनो, एकटं पोरगं सोल्युशनची ट्यूब मागायला आलं तर देऊ नका, मग ते पंक्चरचं नाव सांगो की आणखी कशाचं. फडक्यावर ओतून हुंगणाऱ्या पोराचं हृदय पहिल्याच खेपेला बंद पडू शकतं. असं पोर फलाटावर दिसलं तर हाकलू नका, 1098 ला फोन लावा.

आणि या दिवाळीत माझ्याकडून डबा नेणाऱ्याला मी दोन गोष्टी विचारणार आहे: देवघर कुठल्या खोलीत आहे आणि स्वयंपाक कधी होतो. रागावू नका. उत्तर मिळाल्यावरच डबा देईन.