तापल्या पत्र्यांचा कडकडाट
वैशाखात नागपुरात पारा 45 अंशांच्या घरात चढतो आणि सूर्यास्तानंतर वस्तीवस्तीतील टिनाच्या छपरांतून जो कडकडाट उठतो, त्यास घर खचल्याचे लक्षण समजून भयभीत होण्याचे प्रयोजन नाही; 20 फुटी लोखंडी पत्रा 40 अंशांनी निवताना सुमारे 3 मिलिमीटर आखडतो, परंतु हूक-बोल्टांनी अँगलास जखडलेला असल्यामुळे त्यास मोकळेपणी सरकता येत नाही, आणि साचलेला ताण घर्षणास पुरून उरताच तो एकाएकी निसटून तडकन वाजतो. जुन्या कवेलूंच्या घरांत हा उपद्रव क्वचितच, कारण तेथे प्रत्येक कवेलू दुसऱ्यावर नुसते टेकलेले असते.

तथापि ध्वनी निरुपद्रवी आहे म्हणून त्यामागील उष्णता निरुपद्रवी ठरत नाही. त्या पत्र्याखाली बाळंतिणी आणि वृद्ध दुपार कंठतात. माझे स्पष्ट मत असे की, महानगरपालिकेने अशा छपरांवर चुन्याचे दोन हात देण्याची तजवीज स्वखर्चाने करावी, आणि सरकारी अंदाजपत्रकांत बोल्टाचे छिद्र लांबट ठेवून त्यावर रुंद रबरी वायसर बसविण्याची अट घालावी. पांढरा पत्रा ऊन परतवितो, म्हणून कमी तापतो व कमी पसरतो. हे काम होळीपूर्वीच उरकावे. चैत्र उजाडल्यावर दुपारी छपरावर चढणे मजुरास असह्य होते.