आरशातला दिवा आणि दिव्याखालचा अंधार

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर मोटारविक्रीच्या दालनांत एक प्रसन्न दृश्य हमखास पाहावयास मिळते. नव्या गाडीवरचे आवरण दूर होते, घरातील ज्येष्ठ स्त्री गाडीला हळदकुंकू वाहते, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि सर्व कुटुंबाचे छायाचित्र निघते. अर्ध्या-पाऊण तासाचा हा सोहळा. गाडीच्या पुढील जाळीवर झेंडूचा भरगच्च हार चढतो आणि बंपरपाशी लिंबू-मिरची लोंबू लागते. अनेक नव्या गाड्यांत त्याच भागात पुढच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार बसविलेले असते. बंपरवरच्या नाण्याएवढ्या गोल ठिपक्यांत अडथळ्याची चाहूल घेणारे सेन्सर असतात. ही गोष्ट मात्र त्या सोहळ्यात बहुधा कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

वास्तविक तोच ग्राहक त्यापूर्वी महिना-दोन महिने किती चौकस असतो! व्याजदरातील पाव टक्क्याचा फरक त्याने तपासलेला असतो, मासिक हप्ता पै-पैशापर्यंत मोजलेला असतो, विम्याची तुलना केलेली असते. वरच्या श्रेणीची गाडी घेण्यासाठी त्याने कर्जाची रक्कमही थोडी वाढवून घेतलेली असते. कारण त्या श्रेणीत ब्लाइंड स्पॉटचा इशारा, मार्गिका सुटल्याची सूचना, आपोआप लागणारा ब्रेक अशी सुरक्षेची साधने मिळतात. पैसे मोजून झाले, गाडी दारात आली आणि त्या साधनांची माहिती देणारी पुस्तिका प्लॅस्टिकच्या वेष्टनासह समोरच्या कप्प्यात कायमची विसावली, असा प्रकार घरोघरी घडतो. सुरक्षा विकत घेणे आणि सुरक्षित होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा विसर पडतो तो इथेच.

अंधक्षेत्र म्हणजे काय?

चालकाला समोरच्या काचेतून पुढचे दिसते, आतील आरशात थेट मागचे दिसते आणि बाहेरच्या दोन आरशांत मागील बाजूंचा काही भाग दिसतो. या सर्वांच्या मध्ये काही पट्टे असे उरतात की जे कोणत्याच आरशात येत नाहीत आणि नजरेच्या कडेलाही येत नाहीत. गाडीच्या मागच्या दारांच्या आणि मागील चाकांच्या बाजूचा भाग हा त्यातला सर्वांत धोक्याचा. यालाच ब्लाइंड स्पॉट अथवा अंधक्षेत्र म्हणतात. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांबही वळणावर एखादा पादचारी संपूर्ण झाकून टाकतात.

भारतात चालक उजवीकडे बसतो. साहजिकच डावी बाजू त्याच्यापासून दूर पडते आणि तिकडचे अंधक्षेत्र अधिक घातक ठरते. त्यातच डावीकडून पुढे जाण्याची दुचाकीस्वारांची सवय आपल्या रस्त्यांवर रूढ आहे. एके काळी अनेक छोट्या मोटारींच्या स्वस्त श्रेणीत डावा आरसा मुळातच नसे. आणि आज तो असूनही गर्दीत घासेल या भीतीने मिटून ठेवणारे चालक काही कमी नाहीत.

या क्षेत्रात नेमके कोण असते? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४.५ टक्के, तर पादचाऱ्यांचे १९.५ टक्के होते. हे सर्वच मृत्यू अंधक्षेत्रामुळे झाले, असे कोणी म्हणणार नाही. तथापि मोटारीच्या कडेला सहज लपून जाणारे आणि धक्का लागताच सर्वाधिक इजा सोसणारे घटक हेच आहेत, हे उघड आहे. मोटारीतील माणसांच्या भोवती पोलाद असते, एअरबॅग असते. अंधक्षेत्रातील माणसाला आधार असतो तो केवळ मोटारचालकाच्या सावधपणाचा.

यंत्राला काय दिसते?

चालकाच्या साह्याला येणारे सेन्सर प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. बंपरवरील गोल ठिपके हे ध्वनीचे सेन्सर. मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी ते सोडतात आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. एक मीटरवरील भिंतीवरून हा प्रतिध्वनी सुमारे सहा मिलिसेकंदांत परततो. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे घेतानाचा असा सेन्सर भारतात बंधनकारक झाला आहे. तो भिंत, गाडी, रुंद खांब उत्तम ओळखतो. परंतु बारीक सळई, बंपरच्या पातळीखालचा दगड किंवा ध्वनी शोषून घेणारी मऊ वस्तू त्याच्या हातून सुटू शकते. अंगणात खेळणारे लहान मूल बंपरच्या अगदी खाली वाकलेले असेल, तर केवळ आवाज झाला नाही म्हणून गाडी मागे घेणे हा जिवाशी खेळ होय.

दुसरा प्रकार रडारचा. ब्लाइंड स्पॉटवर लक्ष ठेवणारे रडार बहुतेक गाड्यांत मागील बंपरच्या दोन कोपऱ्यांत, आतल्या बाजूस दडलेले असते. बाजूला वाहन आले की बाहेरच्या आरशात केशरी दिवा लागतो. तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा. समोरच्या काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरील पट्टे, वाहने आणि माणसे ओळखण्याचा प्रयत्न करतो. उत्तर भारतातील हिवाळी धुक्यात किंवा कोकणातील मुसळधार पावसात माणसाच्या डोळ्यांप्रमाणे हा कॅमेराही मंदावतो. रडारला धुक्याचा त्रास कमी. मात्र बंपरवर साचलेला चिखलाचा थर, जाड स्टिकर किंवा दुरुस्तीच्या वेळी भरलेली पुट्टी त्याच्या कामात व्यत्यय आणू शकते.

येथे एक बारकावा प्रत्येक चालकाने ध्यानी घेण्याजोगा आहे. बहुतेक गाड्यांत आरशातला दिवा नुसता शांतपणे लागतो. तो लुकलुकू लागतो आणि सोबत आवाज होतो तो चालकाने त्या बाजूचा इंडिकेटर दिल्यानंतरच. काही गाड्यांत त्या बाजूच्या कॅमेऱ्याचे चित्र समोरच्या पडद्यावर उमटते, तेही इंडिकेटर दिल्यावर. याचाच अर्थ असा, की इंडिकेटर न देता मार्गिका बदलणाऱ्या चालकाने पूर्ण किमतीला घेतलेली यंत्रणा अर्धीच वापरलेली असते. मार्गिका सुटण्याची सूचनाही इंडिकेटरशीच जोडलेली असते. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला की यंत्र त्यास चूक समजून आवाज करते किंवा सुकाणू हलकेच मागे ओढते. मग चालक वैतागतो आणि सारे काही बंद करून टाकतो. दोष यंत्राचा ठरतो. सवय मात्र तशीच राहते.

शिवाय ही प्रणाली सर्व वेगांना चालतेच असे नाही. अनेक गाड्यांत ठराविक वेगाच्या खाली ती निद्रिस्त असते, आणि तो वेग प्रत्येक गाडीत वेगळा असतो. मागून वेगाने येणाऱ्या मोटारसायकलच्या बाबतीत तर वेळेचेच गणित बिकट आहे. मोटारीपेक्षा ताशी २० किलोमीटर अधिक वेगाने येणारी मोटारसायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. म्हणजे साधारण एका मोटारीच्या लांबीचे अंतर ती एका सेकंदात ओलांडते. दिवा लागून चालकाला त्याचा बोध होईपर्यंत ती दारापाशी पोहोचलेली असते.

मोजणी यंत्र आणि रोखपाल

बँकेच्या काउंटरवर नोटा मोजणारे यंत्र सर्वांच्याच परिचयाचे आहे. क्षणार्धात ते शंभर नोटा मोजते आणि आकडा दाखविते. तरीही अनुभवी रोखपाल गड्डी हातात घेतो, नोटांचा स्पर्श पाहतो, शंका आल्यास एखादी नोट उजेडात धरतो. यंत्रावर त्याचा अविश्वास असतो म्हणून तो असे करीत नाही. रकमेचा हिशोब आपल्या नावावर आहे, यंत्राच्या नावावर नाही, हे तो जाणतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन व्यक्तींकडे ठेवण्याच्या जुन्या पद्धतीमागेही हाच विचार आहे. दुसरी किल्ली आहे म्हणून पहिली किल्ली कोणी टाकून देत नाही.

मोटारीतील सेन्सर ही अशी दुसरी किल्ली आहे. पहिली चालकाच्या नजरेची. वाहनांच्या स्वयंचलनाच्या सर्वमान्य वर्गीकरणात शून्यापासून पाचपर्यंत पायऱ्या आहेत. भारतात चालक-साहाय्य प्रणाली म्हणून जी सर्वसाधारणपणे विकली जाते, ती दुसऱ्या पायरीपर्यंतची असते. या पायरीवर लक्ष ठेवण्याची आणि गाडी सांभाळण्याची संपूर्ण जबाबदारी चालकाचीच असते. अपघात झाल्यावर ‘दिवा लागला नव्हता’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की सेन्सरांमुळे माणूस आळशी होतो, तेव्हा ते नसलेलेच बरे. हा युक्तिवाद टोकाचा आहे. थकलेल्या चालकाची एखादी नजर चुकते, त्या क्षणी लागलेला दिवा एखाद्याचा प्राण वाचवू शकतो, आणि तेवढ्यासाठीही त्याची किंमत मोजावी. दुसरा आक्षेप असा, की आपल्या गर्दीच्या रस्त्यांवर ही यंत्रे सतत ओरडतात. यात तथ्य आहे. परंतु या प्रणाली बहुधा एकमेकींपासून स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतात. पट्टेच नसलेल्या रस्त्यावर मार्गिकेची सूचना नकोशी झाली, म्हणून तिच्यासोबत ब्लाइंड स्पॉटचा इशाराही बंद करण्याचे कारण नाही. कोणते बटण कशाचे, हे ठाऊक नसल्यामुळेच सरसकट सारे बंद होते.

काय करता येईल?

पहिले काम बिनखर्चाचे आहे. पुष्कळ चालकांच्या बाहेरच्या आरशांत स्वतःच्याच गाडीचा मोठा भाग दिसत असतो. अमेरिकी अभियंता जॉर्ज प्लाट्झर यांनी १९९५ साली एका शोधनिबंधात आरसे बाहेरच्या बाजूस अधिक वळविण्याची पद्धत मांडली. उजवीकडे बसणाऱ्या भारतीय चालकाने ती अशी वापरावी : गाडी उभी असताना डोके उजव्या काचेला टेकवावे आणि स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवावा, मग गाडीच्या मध्यापर्यंत झुकून डावा आरसा त्याचप्रमाणे लावावा. मागून येणारे वाहन आतील आरशातून जाता जाता बाहेरच्या आरशात आले आणि तेथून सुटता सुटता नजरेच्या कडेला दिसू लागले, तर आरसे योग्य लागले असे समजावे. एवढे करूनही अंधक्षेत्र पूर्णपणे नाहीसे होत नाही. मार्गिका बदलण्यापूर्वी खांद्यावरून एक ओझरती नजर टाकावीच लागते. मात्र ती क्षणाचीच असावी, कारण ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

क्रम असा असावा : आधी आरसे, मग इंडिकेटर, मग दिवा आणि नजर, आणि शेवटी सुकाणू. गाडी थांबल्यावर उजवे दार डाव्या हाताने उघडावे. त्यामुळे शरीर आपोआप वळते आणि मागून येणारी दुचाकी दिसते. गाडी धुताना सेन्सर आणि कॅमेऱ्यासमोरची काच स्वच्छ करावी, हार आणि लिंबू-मिरची त्यांच्यापासून दूर बांधावी. बंपर रंगविला किंवा समोरची काच बदलली, तर सेन्सर आणि कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा तपासून घ्यावी आणि विम्याच्या दाव्यातील अंदाजपत्रकात ते काम समाविष्ट आहे ना, हे पाहावे. बंपरपुढे लोखंडी गार्ड लावण्याचा मोह टाळावा. पादचाऱ्यांना आणि गाडीतील प्रवाशांना असलेल्या धोक्यामुळे २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राज्यांना अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले होते. सेन्सरांच्या वाटेतही ते आडवे येऊ शकतात.

विक्रेत्यांचेही यात कर्तव्य आहे. जे साधन दाखवून वरच्या श्रेणीची किंमत घेतली, ते कसे चालते आणि कुठे चालत नाही, हे गाडी सुपूर्द करताना चालकाला प्रत्यक्ष आसनावर बसवून दाखविले पाहिजे. कर्ज देणाऱ्या संस्थांनीही वाहनकर्जाच्या ग्राहकाला हप्त्यांच्या वेळापत्रकाबरोबर एवढी एक सूचना द्यावयास हरकत नाही. अवजड वाहनांचे अंधक्षेत्र तर मोटारीहून कितीतरी मोठे असते. मोठ्या बसगाड्या आणि ट्रक यांना इशारा देणाऱ्या प्रणाली बसविण्याचा मसुदा केंद्रीय मंत्रालयाने २०२५ साली प्रसिद्ध केला, हे स्वागतार्ह पाऊल होय. तथापि त्या चालकांनाही प्रशिक्षण मिळाले नाही, तर तेथेही दिवे नुसतेच लागत राहतील.

वाहनकर्ज पाच-सात वर्षांत फिटते. गाडीच्या डाव्या कडेने, पाठीशी शाळकरी मुलाला बसवून जाणाऱ्या एखाद्या दुचाकीस्वाराला धक्का लागला, तर त्याची परतफेड कोणत्याही हप्त्यांत होत नाही. म्हणून यंदाच्या दसऱ्याला नारळ अवश्य फोडावा, पेढे अवश्य वाटावेत. आणि घराकडे निघण्यापूर्वी आणखी अर्धा तास काढून, कप्प्यातल्या त्या पुस्तिकेचे वेष्टनही फोडावे.