रंग मालकाचा, आठवण गिऱ्हाईकाची: कार्डिफ सिटीच्या लाल शर्टातून आपण काय शिकायचं?



परवाच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की दुकानाची पाटी बदलण्याआधी दहा वेळा विचार करा. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "सर, धंदा माझा, भांडवल माझं, कर्जाचा हप्ता मी भरतो. मग पाटी कुठल्या रंगाची लावायची हे गिऱ्हाईक कोण ठरवणार?"

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर द्यायला आज तुम्हाला जरा लांब घेऊन जातो, ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत. शहराचं नाव कार्डिफ. तिथल्या फुटबॉल क्लबच्या मालकालाही नेमका हाच प्रश्न पडला होता. त्याने स्वतःच्या मनाप्रमाणे उत्तर दिलं, आणि अडीच वर्षांनी ते उत्तर मागे घेतलं.

झालं काय होतं?

कार्डिफ सिटी हा क्लब १८९९ सालचा. शंभर वर्षांहून जास्त काळ त्यांचा शर्ट निळा. लोक त्यांना 'ब्लूबर्ड्स' म्हणतात, म्हणजे निळे पक्षी. १९११ च्या सुमारास शहरात मॉरिस मॅटरलिंक यांच्या 'द ब्लू बर्ड' या नाटकाचा प्रयोग झाला आणि तिथून हे नाव चिकटलं, असं सांगतात. १९२७ साली याच क्लबने आर्सेनलला १-० ने हरवून एफए कप जिंकला. इंग्लंडबाहेरच्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला आजपर्यंत ते जमलेलं नाही. तिथल्या घराघरांत आजोबांनी नातवाला सांगायची ही गोष्ट आहे.

२०१० मध्ये मलेशियाचे उद्योगपती व्हिन्सेंट टॅन यांनी क्लबमध्ये पैसा घातला. क्लब कर्जात होता, पैशाची गरज खरी होती. मे २०१२ मध्ये बातमी फुटली की शर्ट लाल होणार. ओरड झाली, तेव्हा क्लबने बेत बाजूला ठेवल्यासारखं केलं. आणि ६ जून २०१२ ला निर्णय जाहीर करून टाकला. घरच्या मैदानावर शर्ट लाल. बोधचिन्हात मधोमध मोठा लाल ड्रॅगन, आणि निळा पक्षी खाली कोपऱ्यात, चिमुकला. निळा शर्ट उरला तो बाहेरगावच्या सामन्यांपुरता.

कारण काय दिलं? आशियातल्या बाजारात लाल रंग आणि ड्रॅगन चालतो. शिवाय लाल ड्रॅगन वेल्सच्या झेंड्यावरही आहे. त्याबरोबर कर्ज, मैदानाचा विस्तार, सरावाची सोय यासाठी पैसा येणार होता.

कागदावर वाचलं तर चूक सापडत नाही. नवा बाजार, नवा रंग, नवं भांडवल. कुठल्याही सल्लागाराने मान डोलवली असती.

आता गंमत बघा

तुम्हाला वाटेल की लाल शर्ट घातला आणि क्लब बुडाला. तसं झालं नाही! पहिल्याच मोसमात, २०१२-१३ मध्ये, लाल शर्टातल्या कार्डिफने दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकली आणि तब्बल ५१ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पाऊल ठेवलं. मालकाला म्हणायला पूर्ण जागा होती, "बघा, सांगत होतो ना?"

काही समर्थकांनीही मन मारून मान्य केलं होतं. पैसा येतोय, संघ जिंकतोय, तर रंगाचं एवढं काय? त्यांना मी दोष देणार नाही. घर चालवायचं असेल तर माणूस बऱ्याच गोष्टी गिळतो.

पण बरेच प्रेक्षक मैदानात निळाच शर्ट आणि निळाच मफलर घालून येत राहिले. संघ लाल, बाकावरची माणसं निळी. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, क्लब सगळ्यात तळाला राहून खालच्या श्रेणीत परत आला. जिंकत असताना दबलेली नाराजी तेव्हा वर आली. २ जानेवारी २०१५ ला घरच्या मैदानावर एफए कपचा सामना होता. ३३ हजारांच्या मैदानात चार हजारांच्या थोडे वर लोक आले. त्याला एकटा रंगच कारण होता असं मी म्हणत नाही. कपच्या सामन्याला गर्दी तशीही कमी असते आणि संघही बरा खेळत नव्हता. पण रिकामी खुर्ची मालकाला दिसतेच.

त्यानंतर आठवडाभरात, ९ जानेवारीला, क्लबने निळा रंग परत आणल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी फुलहॅमविरुद्ध संघ निळ्यात उतरला आणि १-० ने जिंकला. पुढच्या मोसमापासून बोधचिन्हातला पक्षीही पुन्हा मोठा झाला.

माझं मत

बरेच जण या गोष्टीचं तात्पर्य काढतात, "परंपरेला हात लावू नका." मला हे पटत नाही.

याच क्लबची सुरुवात झाली तेव्हा शर्ट निळा नव्हता, चॉकलेटी आणि पिवळसर होता. नाव 'रिव्हरसाइड' होतं. म्हणजे निळा रंगही एकेकाळी नवाच होता. २००९ मध्ये क्लबने १९१० पासूनचं निनियन पार्क मैदान सोडलं आणि जवळच नवं मैदान बांधलं. लोकांना वाईट वाटलं असणार, पण ते नव्या मैदानात गेले. जुनं मैदान थकलं होतं, नव्याची गरज लोकांना कळत होती, आणि नव्या मैदानातल्या एका स्टँडला 'निनियन' नाव देऊन जुन्याची आठवण जपली होती.

म्हणजे बदल लोकांना चालतो. मग शर्ट का नाही चालला?

माझ्या मते, मैदान बदललं ते तिथे येणाऱ्या माणसासाठी आणि शर्ट बदलला तो न आलेल्या माणसासाठी. आशियातलं नवं गिऱ्हाईक यायचं होतं, त्याच्या स्वागतासाठी शंभर वर्षांच्या गिऱ्हाईकाला सांगितलं, जरा सरकून बस. अपमान लाल रंगाचा नव्हता, अपमान त्या 'सरकून बस'चा होता.

कायद्याने क्लब मालकाचा आहे, शर्ट मालकाचा आहे. पण त्या शर्टाला जी किंमत आली ती वडिलांचा हात धरून मैदानात गेलेल्या पोरांनी आणली. मालकाने ती विकत घेतली नव्हती, त्याला ती सांभाळायला मिळाली होती. आपल्याकडे म्हणतात ना, आयत्या बिळावर नागोबा. धंदा चालवायला घेतला की हा नागोबा आपल्यात कधी शिरतो कळत नाही.

माझीच चूक सांगतो

दुसऱ्याचं उदाहरण देणं सोपं असतं, म्हणून स्वतःचं सांगतो. आमच्या आईचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय होता. पिवळा कागद, त्यावर लाल शाईचा साधा शिक्का, दोऱ्याने बांधलेला पुडा. मी शिकून आलो आणि पहिलं काम काय केलं? काळ्या रंगाचे चकचकीत झिपचे पाऊच छापून आणले. मॉलमध्ये शोभेल असं. किमान ऑर्डर ५ हजार नगांची होती, तीही दिली.

पहिल्या महिन्यात आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांपैकी एक आजी आल्या. पाऊच उलटसुलट करून बघितलं, परत ठेवलं आणि विचारलं, "तुझ्या आईने मसाला करायचं बंद केलं का रे?"

मसाला तोच होता. आईच करत होती. पण त्या आजींच्या लेखी आई त्या पिवळ्या कागदात होती. मॉलवाला काही आला नाही आणि जुन्या गिऱ्हाइकांना रोज समजावत बसावं लागलं. शेवटी पिवळा कागद परत आणला. उरलेले पाऊच कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होते. आई एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

मोठेही चुकतात

फक्त आपणच बावळट असं समजू नका. १९८५ मध्ये कोका-कोलाने जुनी चव बंद करून नवी आणली. आधी सुमारे २ लाख लोकांना चाखवून बघितलं होतं, आणि जास्त लोकांना नवी चव आवडली होती. तरी ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. चाचणीत घोटभर चव विचारली होती. "तुमचं नेहमीचं कायमचं बंद करतोय, चालेल का?" हा त्या घोटाचा प्रश्नच नव्हता.

२०१३ मध्ये लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबने बोधचिन्ह सुटसुटीत करताना त्यातलं जुनं लॅटिन बोधवाक्य काढून टाकलं. अर्थ असा की सर्वोत्तमाखेरीज काहीच पुरेसं नाही. २० हजारांहून जास्त समर्थकांनी विरोधाच्या सह्या केल्या. क्लबने माफी मागितली, समर्थकांपुढे नवे पर्याय ठेवून मत घेतलं, आणि पुढच्या वर्षी बोधवाक्य परत आलं. चूक लवकर कबूल केली की खर्च कमी येतो. कार्डिफला अडीच वर्षं लागली, एव्हर्टनला एक मोसम.

मग तुम्ही काय करायचं?

पाटी, नाव, चव, पॅकिंग, रंग, यातलं काहीही बदलण्याआधी वही काढा आणि चार गोष्टी लिहा.

१. ओळखीची खूण कोणती? तुमच्या दहा जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "आमचं दुकान दुसऱ्याला कसं सांगता?" कुणी म्हणेल, "ते हिरव्या फळीचं दुकान." कुणी म्हणेल, "जिथे काका चिवड्यावर वरून मूठभर शेव टाकतात ते." जे उत्तर पुन्हा पुन्हा येईल, ती तुमची खूण. तुमच्या मते ती कुरूप असली तरी.

२. बदल कोणासाठी? आलेल्या गिऱ्हाइकाची अडचण सुटते का? पुडा फाटतो, वास उडतो, पत्ता सापडत नाही, तर जरूर बदला. पण उत्तर "अजून न आलेल्या गिऱ्हाइकासाठी" असेल, तर त्याच्यासाठी वेगळा पुडा करा. जुन्याच्या हातातला काढून घेऊ नका.

३. प्रश्न नीट विचारा. "नवीन डिझाइन कसं वाटलं?" असं विचारलं की लोक "छान" म्हणतात, मराठी माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. "जुनं बंद करू का?" असं विचारा आणि चेहरा बघा.

४. परतीची वाट ठेवा. पहिली ऑर्डर ५ हजारांची देऊ नका. नग महाग पडला तरी थोडेच छापा. जुन्या पाटीचा साचा, जुना शिक्का, जुनी रेसिपी फेकू नका. महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि गल्ल्याला ठरवू द्या.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. पाटी कुठल्या रंगाची लावायची हे ठरवायचा हक्क तुमचाच आहे, शंभर टक्के. पण ब्रिटनमध्ये असे प्रकार इतके झाले की २०२५ मध्ये फुटबॉलसाठी कायदाच करावा लागला. बोधचिन्ह किंवा घरच्या शर्टाचा मुख्य रंग बदलायचा तर समर्थकांचा पाठिंबा आहे हे क्लबला दाखवावं लागेल. आपल्या किराणा दुकानासाठी असा कायदा कोणी करणार नाही. आपलं गिऱ्हाईक मोर्चा काढत नाही, सह्या गोळा करत नाही. ते गुपचूप समोरच्या दुकानात जातं. म्हणून आपल्याला ते आधीच ओळखावं लागतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दहा जुन्या गिऱ्हाइकांना वरचा पहिला प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत जशीच्या तशी लिहा. तुम्ही स्वतः काय सांगितलं असतं तेही आधी बाजूला लिहून ठेवा. दोन्ही जुळलं नाही तर घाबरू नका. नवी पाटी मात्र अजून रंगवायला देऊ नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण ज्यांनी वाढवला त्यांना विसरू नका.