दया नको, लेव्ही हवी!

वस्तूंचा व कलाकृतींचा लिलाव करून संगीतक्षेत्रातील मनोरुग्णांना साहाय्य करण्याची रीत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे. 'अविची' या नावाने गाजलेला स्वीडिश संगीतकार टिम बर्गलिंग २०१८ साली, वयाच्या अवघ्या २८व्या वर्षी मरण पावला. २०२२ साली स्टॉकहोम येथे त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला व ते पैसे त्याच्या आईवडिलांनी स्थापिलेल्या प्रतिष्ठानाला मिळाले. शोकाकुल मातापित्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आपल्याकडील सुखवस्तू मंडळी हाच कलावंतांच्या दुःखावरील इलाज म्हणून सांगू लागतात, तेव्हा अर्थशास्त्राचा एक जुना विद्यार्थी म्हणून त्यास विरोध करणे मी कर्तव्य समजतो.

लिलावातील बोली कशावर ठरते? घेणाऱ्याच्या ऐपतीवर आणि लहरीवर. पीडिताच्या गरजेवर नव्हे. बाजार तेजीत असला की चित्रांना भाव येतो, मंदी आली की दानाची गंगा आटते. म्हणजे गरज सर्वाधिक तेव्हाच मदत सर्वांत कमी! २०२० साली टाळेबंदीने जत्रा, तमाशाचे फड व लग्नसराई एकदमच बंद पडली. त्या काळात आमच्या धर्मापुरीतील एका बँडवाल्याने आपला ट्रम्पेट विकला. त्यावर कोणी बोली लावली नाही. मोडवाल्याने तो पितळेच्या वजनावर नेला. पुढे कित्येक महिने तो गृहस्थ कोणाशी धड बोलत नव्हता. त्या मौनाला वैद्यकशास्त्रात काहीही नाव असो, त्याचे मूळ बुडालेल्या रोजीत होते.

गौरव आणि दान यांचा हिशेब महाराष्ट्राने एकदा मांडून पाहिलाच आहे. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींचे पुरस्कार मिळाले. २००२ साली त्या गेल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या वर्गणीतून भागवावे लागले. पुढे २००६ पासून शासनाने त्यांच्याच नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आजारपणात वर्गणी आणि मरणोत्तर गौरव, ही आमची कलावंतनीती!

'काहीच नसण्यापेक्षा दान बरे' असे कोणी म्हणेल. उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्याचा हात धरू नये, हे मान्य. पण दान हक्काची जागा बळकावू लागले की ते अन्यायावरचे पांघरूण बनते. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते. ऐन उमेदीत काम बुडालेल्या ढोलकीवाल्याचे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क तालुक्याच्या रुग्णालयात प्रत्यक्ष मिळतो का, हे विचारणे आपले काम आहे.

आणि पैसा? त्याचे उत्तर १९६९ च्या माथाडी कायद्याने याच महाराष्ट्रात दिले आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून मंडळे स्थापून मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेण्यात आली व त्यातून भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत उभी राहिली. बँडवाल्याचाही मालक रोज बदलतो. मग मंगल कार्यालये, जत्रांचे ठेकेदार व ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्यावर अशीच लेव्ही का नको?

कार्यकर्त्यांनी येत्या लग्नसराईपूर्वी आपापल्या तालुक्यातील वाजंत्री, शाहीर, फडांतील कलावंत यांची नोंद करावी आणि अशा मंडळाची मागणी घेऊन त्यांच्यासह तहसील कचेरीवर जावे. लिलावाची वाट पाहण्याइतकी उसंत त्यांच्यापाशी नाही.