पूर्वजाची तलवार आणि पेन्शनचे दप्तर

१/ अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यातील एका सैनिकाच्या मुलीला मिळणारे सरकारी निवृत्तिवेतन मात्र २०२० पर्यंत चालू होते : दरमहा ७३ डॉलर १३ सेंट. तिचा जन्म १९३० चा. तेव्हा वडील मोझ ट्रिपलेट ८३ वर्षांचे होते.

२/ ट्रिपलेट आधी दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूच्या सैन्यात होते. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या वाटेवर आजारी पडले आणि रुग्णालयातून पळाले. त्यांच्या २६व्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीची गेटिसबर्गला दाणादाण उडाली. पुढच्या वर्षी ते उत्तरेच्या सैन्यात भरती झाले, तेही आपल्याच मुलखावर धाडी घालणाऱ्या पथकात.

३/ अशा पूर्वजाची आठवण घराण्याने कशी जपावी? रूढ रीत ठरलेली आहे : तलवार, गणवेशातील छायाचित्र, एखादा पराक्रम. पलायनाची पहिल्या पिढीत कुजबुज होते, दुसरीत मौन पाळले जाते, तिसरीत ‘आजारपणामुळे परतले’ एवढेच उरते. दक्षिणेत या गाळणीला संघटित रूप आले. १८९४ साली स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ने पुतळे उभारले, पाठ्यपुस्तकांवर नजर ठेवली आणि युद्धाच्या कारणांतून गुलामगिरी बाजूला सारली. आजोबांवरील माया खरी होती. तिच्या आधारे पसरवलेला इतिहास खोटा होता.

४/ उत्तरेकडून सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांतील बहुतेक गुलामीतून आलेले. जन्माचा दाखला नाही, विवाहाला कायद्याची मान्यता नाही. पेन्शन मागणाऱ्या विधवेला लग्न सिद्ध करण्यासाठी शेजारी, पतीचे सहसैनिक, प्रसंगी जुना मालकही साक्षीला आणावा लागे. चौकशी अपमानास्पदच, पण लग्न कोणी लावले, मुले किती, कोण कोठे विकले गेले, हे त्या जबान्यांतच नोंदले गेले. काहींनी पुरावा म्हणून पतीची पत्रे जोडली. ती दप्तरातच राहिली, म्हणून आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचता येतात.

५/ तेव्हा घरातील कथा आणि सरकारी कागद शेजारी-शेजारी ठेवावेत. कागद हाती आला म्हणून आजीची गोष्ट फेकू नये. ती कोणी, कोणाला, केव्हा सांगितली एवढे टिपावे. तिने काय गाळले, तोही घराण्याचा इतिहासच.

६/ १९३८ च्या जुलैत, गेटिसबर्गच्या ७५व्या वर्षाच्या मेळाव्याहून परतल्यावर थोड्याच दिवसांत ट्रिपलेट वारले. ते यादवी युद्धातील सैनिक होते, असे त्यांच्या थडग्यावर कोरले आहे. कोणत्या बाजूचे, ते नाही.