पाठिंब्याची घाई कुणाला झालीय?

निवडणुकीची तारीख नाही. आरक्षणाची सोडत नाही. उमेदवार कोण, त्याचा पत्ता नाही. आणि आपला एक पुढारी हार घालून, फोटो काढून मोकळा : समाजाचा जाहीर पाठिंबा. वर आणखी शब्द चिकटवलेला – बिनशर्त! अरे, कुठला समाज? कधी बसला तो? कुणी विचारलं त्याला? धायरीत तरी आम्हाला कुणी विचारलेलं नाही.

मी धायरीतूनच लिहितोय. २०१७ साली हे गाव पुणे महापालिकेत घेतलं. ग्रामपंचायत गेली, पालिका आली, पण टँकर गेला नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं प्रशासकाचं राज्य. याच काळात जानेवारी २०२५ आला. नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची साथ पसरली. चालती-बोलती माणसं हातपाय लुळे पडून दवाखान्यात गेली. बोट पाण्याकडं दाखवलं गेलं. जाब विचारायचा कुणाला? निवडून आलेला माणूसच नव्हता. आणि बिनशर्त पाठिंब्याचे ठेकेदार? त्यांचा त्या दिवसांत फोटोसुद्धा दिसला नाही.

म्हणून दोस्तांनो, प्रश्न फक्त पाठिंबा कुणाला हा नाही. पाठिंबा कधी, हा प्रश्न त्याच्याइतकाच मोठा आहे.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार आधी लोकच मतं देऊन निवडतात, त्याला प्रायमरी म्हणतात. आपले शिकलेले लोक टीव्हीसमोर बसून त्याचं कौतुक करतात. बाबांनो, ही प्राथमिक निवडणूक आपल्या नावावर याच पुण्यात कागदावर लिहिली गेली होती. येरवडा तुरुंग, २४ सप्टेंबर १९३२. त्याआधी ऑगस्टमध्ये ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा, स्वतंत्र मतदारसंघ आणि सर्वसाधारण मतदारसंघात आणखी एक मत दिलं होतं. गांधींनी प्राण पणाला लावले. करारात जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला, दुसरं मत गेलं. बदल्यात काय? प्राथमिक फेरी. राखीव जागेसाठी आधी फक्त आपल्या लोकांनी मतं देऊन चौघं निवडायचे, मग त्या चौघांतून एक सगळ्यांनी निवडायचा.

यातली मेख बघा. पहिल्या फेरीत आपण ज्याला पहिला नंबर दिला तो दुसऱ्या फेरीत पडू शकत होता, आणि आपला चौथा इतरांच्या मतांवर निवडून येऊ शकत होता. बाबासाहेबांनी हे दुखणं पुढं जन्मभर मांडलं. तरी निदान पहिला शब्द आपला होता. त्या फेरीची मुदत फक्त दहा वर्षं ठरली होती. पुढं राज्यघटनेत राखीव जागा आल्या, ती फेरी आली नाही. आज राखीव जागेवर कोण उभा राहणार हे कुठं ठरतं? एबी फॉर्म वाटणाऱ्याच्या बंगल्यावर. महापालिकेत चार-चार जणांचा प्रभाग केला की राखीव जागेवरचा आपला माणूस बाकी तिघांच्या पॅनेलला दावणीसारखा बांधला. तो तोंड उघडेल कशाला?

पहिली फेरी त्यांनी काढून घेतली, हे खरं. पण उमेदवाराचं नाव कळायच्या आधी पाठिंबा देणारा आपला पुढारी काय करतो? उरलीसुरली फेरीसुद्धा स्वतःच्या हातानं त्या बंगल्यावर नेऊन देतो.

लवकर शब्द दिला की काय होतं ते ताजंच आहे. २३ जानेवारी २०२३ ला वंचित आणि ठाकरे यांची युती जाहीर झाली. जागांचा कागद मात्र नव्हता. वर्षभर बैठका, पत्रं, टोमणे. मार्च २०२४ मध्ये महाविकास आघाडीशी बोलणी फिसकटली आणि मतदान तोंडावर असताना वेगळी वाट धरावी लागली. आमची धायरी येते त्या बारामती मतदारसंघात उमेदवार न देता सुप्रिया सुळेंना पाठिंबा, शेजारी पुण्यात स्वतःचा उमेदवार. २०१९ ला सुमारे ४१ लाख मतं घेणाऱ्या वंचितची मतं २०२४ ला ढासळली. चूक कुणाची यावर रात्रभर भांडा, मी अडवणार नाही. पण वस्तीतली बाई काय म्हणाली? संविधानाला हात लावतायत म्हणून तिनं नेत्याची वाट न बघता स्वतःच ठरवलं. शेवटच्या घडीला आलेला आदेश कुणी ऐकत नसतं.

उलटं उदाहरणही आहे. १९९८. रिपब्लिकन गट एक झाले, आधी जागा ठरल्या, मग काँग्रेससोबत गेले. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चौघेच्या चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. वर्षभरात सरकार पडलं, गट पुन्हा फुटले, आणि त्या ताकदीचं मातेरं झालं ते झालंच.

आणि १९७४ विसरायचं नाही. मुंबईची पोटनिवडणूक. आपली मतं खिशातच आहेत असं काँग्रेसनं धरलं होतं. पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीत सभेवर दगड आले, वस्ती पेटली, आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधवचा जीव घेतला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले. नाही म्हणण्याची किंमत रक्तानं मोजलीय आपण. आणि हे टिनपाट लोक बिनशर्त हो म्हणतात!

काहीजण म्हणतील, शेवटच्या रात्रीपर्यंत थांबा, भाव वाढतो. कुणाचा भाव? ती रात्र पाकिटांची असते. त्या रात्री भाव दलालाचा वाढतो, वस्तीचा नाही. आणि दुसरे म्हणतील, जागावाटप आधी होतं, उशीर केला तर ताट वाढून संपेल. हा मुद्दा खरा आहे. त्याला उत्तर एकच : बोलणी लवकर, शब्द उशिरा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपली प्राथमिक फेरी आपणच घ्यायची.

एक. सोडत निघाली की आठ दिवसांत वस्तीची सभा. पाणी, ड्रेनेज, घराचा कागद, सफाई कामगारांची ठेकेदारी – मागण्या लिहायच्या आणि सगळ्या पक्षांना एकाच दिवशी द्यायच्या.

दोन. राखीव जागा असेल तर अर्ज भरायच्या आधी विहारात डबा ठेवायचा. चिठ्ठी गुप्त. बायकांची चिठ्ठी बायकाच टाकतील, नवरा नाही. जे नाव निघेल ते पक्षांना कळवायचं : तिकीट याला द्या, नाहीतर पाठिंबा मागायला येऊ नका.

तीन. अर्ज माघारीच्या तारखेपर्यंत कुणालाही शब्द नाही. कारण तोवर कोण खरा उभा आहे आणि कोण पैसे घेऊन बसायला उभा आहे हे कळतच नाही. माघारीनंतर उरलेल्यांना वस्तीत बोलवायचं, जाहीर सवाल, पुन्हा डबा. संविधानाच्या दुश्मनाला पाडायला नको असलेल्या माणसाला मत द्यायचं असेल, तर तेही डब्यातून ठरू दे. आपण ठरवलं म्हणून देऊ, कुणी विकलं म्हणून नाही.

चार. मतदानाच्या आठ दिवस आधी निकाल जाहीर. मग हलायचं नाही. घरोघरी जायचं.

याला काय लागतं? एक डबा, एक वही, दहा पोरं. पैसा लागत नाही, म्हणूनच पुढाऱ्यांना हे आवडणार नाही. ते म्हणतील पोरं गट पाडतात. म्हणू दे. ज्यांनी एका पक्षाचे बारा तुकडे केले त्यांच्याकडून एकीचे धडे घ्यायची गरज नाही.

ज्यांना पाठिंबा हवाय त्यांनी धायरीत जरूर यावं. चहा मिळेल, मागण्यांचा कागद मिळेल, सभेची तारीख मिळेल. शब्द माघारीनंतर.

जयभीम.