हरण्याचे नियोजन

अमेरिकेतील ह्यूस्टन ॲस्ट्रोज या बेसबॉल संघाच्या पुनर्बांधणीचे गोडवे व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत गायले जातात. मला ते रुचत नाहीत. २०११ ते २०१३ या हंगामांत संघाने अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले. महागडे खेळाडू इतरांना देऊन टाकले. तळाच्या संघास तेव्हा नवोदितांच्या निवडीत पहिला हक्क मिळत असे, तो सलग तीन वर्षे मिळाला. २०१७ मध्ये विजेतेपद आले. त्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्याचे २०२० मध्ये चौकशीअंती जाहीर झाले, हे मात्र व्याख्यानात येत नाही.

हा कित्ता प्रशासनात गिरवू पाहणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: मधली वर्षे सोसायची कोणी? प्रेक्षक मैदानाकडे पाठ फिरवू शकतो. जिल्हा रुग्णालयात आलेली बाळंतीण कोठे जाईल? 'आधी मोडू द्या, मग नव्याने बांधू' हे मी बैठकीत ऐकले आहे; बोलणाऱ्यांपैकी एकाचेही मूल सरकारी शाळेत नव्हते.

घेण्यासारखी गोष्ट एकच, आणि नेमकी तीच वगळली जाते. डिसेंबर २०११ मध्ये नेमलेले सरव्यवस्थापक जेफ लूनाव यांना मालकाने १११ पराभवांनंतरही हलविले नाही; ते गेले २०२० च्या त्या प्रकरणात. तेवढ्या काळात आपल्याकडे एका जिल्ह्यात किती जिल्हाधिकारी येऊन जातात, हे सरकारी बंगल्यांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको.